आधी वह्या उघडा, मग क्रमांक लावा: ‘सर्वश्रेष्ठ दहा’ ठरवणाऱ्या समितीस खुले पत्र

प्रति,
गोव्यातील फुटबॉल क्लबांचे सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवणारी निवड समिती
आणि समितीला माहिती पुरवणारे क्लबांचे पदाधिकारी

महोदय,

धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि एफसी गोवा यांच्या इतिहासातील प्रत्येकी दहा श्रेष्ठ खेळाडूंची क्रमवारी लावायचे आपण ठरवले आहे. हे काम पूर्वीच व्हायला हवे होते, म्हणून आपला हेतू आम्हाला मान्य आहे. मात्र आपण त्यासाठी केलेले नियम वाचून गप्प बसणे शक्य झाले नाही. क्रमवारी गोलसंख्या आणि ऑनलाइन मतदान या दोनच गोष्टींवर ठरणार. २००७ पूर्वीच्या खेळाडूंची आकडेवारी ‘उपलब्ध नाही’, म्हणून त्यांना क्रमांक नाही, फक्त मानाचा उल्लेख. या तीन ओळींमुळे काय होणार आहे ते लोकांसमोर मांडावे, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहोत. पत्र लिहिणारे आम्ही सामन्यांच्या नोंदी ठेवणारे प्रेक्षक आहोत. आमचा संबंध नोंदींशी आहे, कुठल्याही एका क्लबाशी नाही.

२००७ हे वर्ष १९९६ पासूनची राष्ट्रीय लीग संपून आय-लीग सुरू झाली म्हणून निवडले असणार. संगणकावर त्या वर्षापासूनचे आकडे सहज मिळतात, हे खरे. पण ती रेघ क्लबांच्या इतिहासावर ओढून पाहा. वास्कोचा साळगावकर क्लब १९५६ चा. राष्ट्रीय लीग जिंकणारा गोव्यातला पहिला क्लब तोच, १९९८-९९ मध्ये. ते विजेतेपद रेघेच्या पलीकडे जाते. १९८८ आणि १९८९ चे फेडरेशन कप जातात, १९९७ चाही जातो. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर जातात. साळगावकरच्या गोलात दीड दशकाहून अधिक काळ उभे राहिलेले, भारताचे कर्णधार, अर्जुन पुरस्काराचे मानकरी आणि २०२२ चे पद्मश्री. १९९६ चे देशातील सर्वोत्तम खेळाडू ब्रुनो कुतिन्होही जातात. ब्रह्मानंद आणि ब्रुनो यांच्याशिवाय साळगावकरच्या दहा श्रेष्ठांची यादी छापली, तर वास्कोत ती कोण वाचील?

पणजीच्या धेंपोचेही तेच. राष्ट्रीय पातळीवरची त्यांची लीग विजेतेपदे पाच: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. त्यातली पहिली दोन आपल्या नियमाने खात्यातून वजा. सत्तरच्या दशकात मुंबईला जाऊन रोव्हर्स कप आणणारा धेंपोचा संघ तर मुळात जन्मलाच नव्हता असे होते.

‘उपलब्ध नाही’ या शब्दांवरही आमची हरकत आहे. नोंद आहे, ती कागदावर आहे. गोवा फुटबॉल संघटना १९५९ ची, दैनिक ‘गोमन्तक’ १९६२ पासूनचे, ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ पासूनचा. पणजीत पाटो येथे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे जुनी वर्तमानपत्रे बघायला मिळतात. कष्टाचे काम आहे, अशक्य नाही. ते कसे करायचे ते पुढे लिहिलेच आहे.

त्याआधी गोलसंख्येचा विषय, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे.

धेंपोची पाच विजेतेपदे पुन्हा समोर ठेवा आणि प्रत्येक हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल कुणी केले ते शेजारी लिहा. २००४-०५ मध्ये डुडू ओमाग्बेमी, २१ गोल, क्लब स्पोर्टिंग क्लब द गोवा. स्पोर्टिंग दुसरा आला. २००६-०७ मध्ये ओडाफा ओकोली, चर्चिल ब्रदर्स. २००७-०८ मध्ये पुन्हा ओडाफा, २२ गोल. २००९-१० मध्ये परत ओडाफा. म्हणजे धेंपोच्या पाच विजेतेपदांपैकी चार वेळा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू दुसऱ्याच गोमंतकीय क्लबात होता. २०११-१२ मध्ये मात्र रँटी मार्टिन्सने धेंपोसाठी ३२ गोल केले आणि करंडकही धेंपोकडे आला. आता उलट बाजू बघा. २०१०-११ मध्ये सर्वाधिक गोल धेंपोच्या रँटीचे होते. त्याच हंगामात धेंपोने एअर इंडियाला १४-० असे हरवले. लीग जिंकली साळगावकरने.

गोल करणारा महत्त्वाचा नाही, असे आम्ही म्हणत नाही. २००८-०९ मध्ये चर्चिल जिंकला तेव्हा ओडाफाच अव्वल होता आणि त्या विजेतेपदात त्याचा वाटा कुणी नाकारणार नाही. आम्ही एवढेच दाखवतो आहोत, की धेंपो ज्या गोष्टीमुळे पाच वेळा जिंकला ती आपल्या तराजूत मावतच नाही. २००७-०८ चा शेवट आठवा: धेंपो ३६ गुण, चर्चिल ३६ गुण, निकाल गोलफरकावर, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करून. गोलफरकावर लीग ठरते तेव्हा अडवलेला गोल आणि केलेला गोल यांची किंमत एकच असते. त्या हंगामात गोलरक्षक अभिजित मंडलच्या हातातून किंवा बचावपटू समीर नाईकच्या पायातून जे वाचले, त्यामुळे करंडक पणजीत राहिला. आपल्या पद्धतीत त्या दोघांच्या नावापुढे शून्य पडेल.

बचावपटूचे काम टिपायचे कसे, असा प्रश्न समितीत निघाला असणार. एखादा कॉर्नर डोळ्यांसमोर आणा. चेंडू ठेवायला खेळाडू कोपऱ्याकडे चालला आहे. आघाडीपटू पाठ वळवून श्वास घेतो आहे. जो चांगला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, असतो तो त्या दहा सेकंदांत चेंडूकडे बघतच नाही. मान फिरवून तो माणसे मोजतो, नवख्या लेफ्ट-बॅकला खांद्याला धरून जवळच्या खांबापाशी उभा करतो, गोलरक्षकाच्या समोरची जागा मोकळी करायला आपल्याच माणसाला ढकलतो. मग चेंडू येतो, गोलरक्षक एक पाऊल पुढे येऊन दोन्ही हातांत घेतो, आणि लोकांना वाटते काहीच घडले नाही. हे मोजणारे यंत्र नाही. पण त्याचा परिणाम मोजता येतो: तो खेळाडू संघात असताना दर सामन्यात संघाने किती गोल खाल्ले आणि नसताना किती खाल्ले. दुखापत, निलंबन, राष्ट्रीय शिबिर या कारणांनी प्रत्येक खेळाडू काही सामने मुकतोच. तेच सामने आपला तराजू. दोन्ही बाजूंना किमान दहा-दहा सामने असल्याशिवाय मात्र हा आकडा वापरू नका, नाहीतर एका पावसाळी दुपारी खाल्लेले चार गोल सगळा हिशेब बिघडवतील.

गोलरक्षकालाही नुसत्या क्लीन शीटवर, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या सामन्यांवर, तोलू नका. पुढे भक्कम बचाव असेल तर साधारण गोलरक्षकाच्या नावावरही क्लीन शीट जमतात. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळला. तिथवर पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब. फातोर्डाच्या रिकाम्या मैदानावर अल रय्यानशी ०-०, मग अल वहदाशी ०-०. समोरचे संघ सतत चाल करून येत होते आणि गोलात धीरज सिंग होता. या दोन बरोबऱ्या एफसी गोवाच्या इतिहासातल्या सगळ्यात कठीण निकालांपैकी आहेत. गोलसंख्येवर चालणाऱ्या यादीत त्यांचे वजन शून्य, आणि दुबळ्या संघाविरुद्ध ५-० च्या सामन्यातल्या पाचव्या गोलाला मात्र पूर्ण एक गुण. म्हणून आमची सूचना: एका सामन्यात संघाच्या चौथ्या गोलापासून पुढचा प्रत्येक गोल अर्धाच धरावा. सामना बरोबरीत असताना किंवा संघ मागे असताना केलेला गोल दीडपट धरावा. पेनल्टीचे गोल वेगळ्या रकान्यात लिहावेत. एवढे केले तरी अर्धी विकृती जाते.

एफसी गोवाच्या बाबतीत इंडियन सुपर लीग सुरू झाली त्या २०१४ पासून सगळे आकडे हाताशी आहेत. पण तिथेही नुसत्या बेरजा फसवतात, कारण हंगामांची लांबी एकसारखी नाही. पहिल्या हंगामात साखळीचे १४ सामने होते, २०१७-१८ पासून १८, नंतर २० आणि पुढे त्याहूनही जास्त. शिवाय सुरुवातीला मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत, २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. सहा परदेशी असताना गोमंतकीय आघाडीपटूला मधली जागा मिळत नसे. तो कडेला किंवा बचावात जाई. मंदार राव देसाई हे याचे ठळक उदाहरण. २०१४ पासून २०२० पर्यंत एफसी गोवासोबत, सुरुवात डाव्या कडेवर, नंतर प्रशिक्षक सर्जिओ लोबेराच्या संघात लेफ्ट-बॅक, म्हणजे डावा बचावपटू. जागा बदलल्यावर गोलांचा रकाना आटला, पण त्या संघाची डावी बाजू चालली ती त्याच्या धावांवर. एकाच खेळाडूची दोन जागांवरची वर्षे दोन वेगळ्या ओळींत मोजली नाहीत, तर असा माणूस यादीतून अलगद गळतो.

फेरान कोरोमिनासबद्दल वाद नाही. तीन हंगामांत लीगमधले ५७ सामने, ४८ गोल, लागोपाठ दोनदा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. एफसी गोवाच्या यादीत पहिला क्रमांक त्याला द्या, आम्ही टाळ्या वाजवू. पण दुसऱ्या क्रमांकापासून आपली पद्धत लंगडते. आमच्या मते दुसरी जागा एदू बेदियाची आहे. डुरँड कपच्या २०२१ च्या अंतिम सामन्यात मोहमेडन स्पोर्टिंगविरुद्ध जादा वेळेत त्याने फ्री-किकवर एकमेव गोल केला. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाचा पहिला गोलही त्याचाच, पर्सेपोलिसविरुद्ध. सहा हंगाम तो मध्यफळीत संघाचा वेग ठरवत होता. त्याच्या गोलांची बेरीज करून तो कुठे येतो ते पाहा, म्हणजे बेरीज किती अपुरी आहे ते कळेल. तिसरा अहमद जाहू की ब्रँडन फर्नांडिस, यावर आमच्यातही एकमत नाही आणि असा वाद यादीत दिसायला हरकत नाही.

मोठ्या नावांचा प्रश्न वेगळा. रॉबेर पिरेस २०१४ चा एक हंगाम एफसी गोवाकडून खेळला. तो फ्रान्सच्या जगज्जेत्या संघातला खेळाडू, मतदान घेतले तर पहिल्या पाचांत येईल. पण क्लबाच्या यादीत क्लबासाठी केलेले काम मोजायचे असते. हाच नियम आपल्या लाडक्या माणसांनाही लावायला हवा. ब्रह्मानंद यांचे भारताचे कर्णधारपद किंवा १९८३-८४ मध्ये गोव्याने जिंकलेला राज्य संघांचा संतोष करंडक साळगावकरच्या खात्यात घालता येणार नाही. महेश गवळीची राष्ट्रीय संघातली वर्षे धेंपोच्या खात्यात येणार नाहीत, त्याची धेंपोतली वर्षेच येतील. तीन हंगाम किंवा पन्नास सामने ही किमान अट ठेवा. त्यात एका हंगामात १४ गोल करून गोल्डन बूट मिळवणारा इगोर अँगुलो बाहेर पडेल. त्याच्यासारख्यांसाठी ‘एक हंगाम’ अशी छोटी वेगळी यादी करा. ती वाचायलाही लोकांना आवडेल.

या अटीला एक अपवाद आम्ही मागतो, आणि तो अपवाद म्हणजे बढती नव्हे. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचे कांतीरवा मैदान, फेडरेशन कपचा अंतिम सामना, धेंपो विरुद्ध मोहन बागान. क्रिस्तियानो ज्युनियरने दोन गोल केले, दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि त्याच दिवशी गेला. धेंपोने सामना २-० असा जिंकला आणि त्याची दहा क्रमांकाची जर्सी पुन्हा कुणाला दिली नाही. तो त्याच हंगामात धेंपोत आला होता. मतदान घेतले तर लोक त्याला गहिवरून पहिला क्रमांक देतील. सामने मोजले तर तो यादीबाहेर जाईल. दोन्ही त्याच्यावर अन्याय आहेत. क्रमांक न देता त्याचे नाव यादीच्या वर, एकटे छापा. ज्या क्लबाने जर्सीचा क्रमांक बाजूला ठेवला, त्या क्लबाच्या यादीत त्याला क्रमांक लावणे शोभत नाही.

आता मतदान. ज्यांचे खेळ मोबाइलवर बघायला मिळतात त्यांनाच मते पडतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. २०१४ नंतरचा प्रत्येक गोल सापडतो. वास्कोच्या टिळक मैदानावर १९८५ मध्ये वाचवलेला गोल सापडत नाही. मतदान बंद करा असे आम्ही म्हणत नाही, लोकांना सहभाग हवाच. पण त्याचे वजन शंभरात दहापेक्षा जास्त नको, आणि ते काळानुसार विभागून घ्या: १९९६ पूर्वीचा गट, राष्ट्रीय लीगचा गट, आय-लीगचा गट, त्यानंतरचा गट. प्रत्येक गटातून एकेक नाव निवडू द्या. बावीस वर्षांच्या मुलालाही मग सत्तरच्या दशकातली चार नावे वाचावीच लागतील.

उरलेले नव्वद आम्ही असे वाटू: क्लबासाठी दिलेली वर्षे आणि मिनिटे २५, निर्णायक सामन्यांतली कामगिरी २५, जागेनुसार मोजलेले योगदान ३०, आणि त्याच काळात सोबत किंवा विरुद्ध खेळलेल्यांचे मत १०. शेवटचे दहा गुण देताना खेळाडूने स्वतःच्या क्लबाच्या माणसाला मत देऊ नये. कोणत्या स्टॉपरला टाळून आपण चेंडू दुसऱ्या बाजूला वळवत होतो, हे प्रतिस्पर्धी आघाडीपटूच खरे सांगतो. या पद्धतीने धेंपोची यादी मांडून पाहिली, तर आमच्याकडे वर क्लिफर्ड मिरांडा येतो. २००० पासून २०१५ पर्यंत धेंपोची जर्सी, पाचही विजेतेपदे, डाव्या बाजूने केलेले काम आणि मोठ्या सामन्यांतले गोल. त्याच्या मागोमाग रँटी, मग समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, बेतो. रँटीला पहिला मानणारा कुणी असेल तर आम्ही भांडणार नाही, तोही पाचही विजेतेपदांत होता. पण समीर आणि क्लायमॅक्स पहिल्या पाचांबाहेर असलेली धेंपोची यादी आम्ही मान्य करणार नाही. आणि हो, १९९६ पूर्वीच्या धेंपोच्या खेळाडूंना आम्ही या क्रमात बसवलेले नाही, कारण त्यांचे सामने मोजून झालेले नाहीत. म्हणून ही यादी अपुरी आहे, आणि तसे तिच्यावर लिहिल्याशिवाय आम्ही ती कुठे छापणार नाही. आपणही छापू नये.

ते सामने मोजायचे कसे, हे आता सविस्तर सांगतो.

दर हंगामाला एक वही किंवा एक फाइल. दर सामन्याला एक ओळ: तारीख, मैदान, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, निकाल, अकरा नावे, बदली खेळाडू आणि त्यांची मिनिटे, गोल करणारे आणि मिनिटे, कार्डे. सामना ज्या दिवशी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा अंक मागवा. तिथे नसेल तर तिसऱ्या दिवशीचा पाहा. संध्याकाळी उशिरा संपलेल्या किंवा मुंबई-कोलकात्यातल्या सामन्यांची बातमी कधी एक दिवस मागे पडते. एकाच वर्तमानपत्रावर थांबू नका. मराठी अंकात बहुधा गोल आणि गोलाआधीची चाल सविस्तर मिळते, संघाची यादी मात्र कधी जागेअभावी गाळलेली असते. ती इंग्रजी अंकात सापडते. दोन्हींत मिनिट वेगळे असेल तर दोन्ही लिहा, स्वतःच्या मनाने सरासरी काढू नका.

सगळ्यात जास्त चुका नावांत होतात. गोव्यात एका संघात तीन फर्नांडिस आणि दोन रॉड्रिग्ज असणे रोजचे आहे. बातमीत नुसते ‘फर्नांडिस याने ५२ व्या मिनिटाला’ असे येते. कधी आद्याक्षर असते, कधी गावात चालणारे टोपणनाव, कधी पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, आणि मराठी बातमीत तेच नाव तिसऱ्याच रूपात. म्हणून मोजणीच्या आधी नावांचे रजिस्टर करा. प्रत्येक खेळाडूला एक क्रमांक, त्याखाली छापून आलेली त्याची सगळी रूपे, खेळण्याची जागा आणि क्लबातली वर्षे. जागा लिहिलेली असली की निम्मे घोळ सुटतात: लेफ्ट-बॅक फर्नांडिस आणि सेंटर-फॉरवर्ड फर्नांडिस वेगळे होतात. तरीही उरेल ते ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘अनिर्णित’ अशा तीन खुणांनी लिहा. अनिर्णित गोल कुणाच्याही खात्यात टाकू नका. प्रसिद्ध खेळाडूच्या खात्यात तो आपोआप सरकतो, आणि त्याच्या शेजारी खेळलेला अप्रसिद्ध माणूस दर वेळी थोडा थोडा पुसला जातो.

प्रत्येक हंगाम दोघांनी एकमेकांचे न बघता मोजायचा. मग दोन्ही फाइली जुळवायच्या आणि जिथे फरक असेल तिथे तिसऱ्याने मूळ अंक उघडायचा. एकट्याने मोजलेला हंगाम मान्य करू नका. स्वयंगोल, मैदान सोडल्याने किंवा न आल्याने दिलेले निकाल, पावसामुळे अर्धवट राहून पुन्हा खेळवलेले सामने यांचे नियम मोजणी सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवा. अर्धवट सामन्यातले गोल आमच्या मते धरू नयेत. मैत्रीपूर्ण सामने आणि आंतरग्राम स्पर्धा यांचा क्लबाच्या मोजणीशी संबंध नाही. गोव्याची लीग, राष्ट्रीय लीग, चषक स्पर्धा आणि आशियाई स्पर्धा चार स्वतंत्र रकान्यांत ठेवा आणि शेवटीच वजन लावा. आधीच बेरीज केली की पुन्हा वेगळे करता येत नाही.

एक गोष्ट मात्र ग्रंथालयात मिळणार नाही. क्लबांच्या कार्यालयांतल्या भिंतींवर आणि कपाटांत संघांचे जुने फोटो आहेत. पुढच्या रांगेतले बसलेले ओळखू येतात, मागच्या रांगेतल्या उभ्या माणसांची नावे बऱ्याच फोटोंखाली नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत खेळलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यासमोर फोटो ठेवून, डावीकडून उजवीकडे एकेक नाव विचारून, फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून घ्यायचे आहे. शाईने लिहू नका, ती पुढच्या बाजूला उमटते. एका माणसाने सांगितलेले नाव दुसऱ्याकडून पडताळा, आठवणीतले वर्ष एक-दोनने चुकते, चेहरा सहसा चुकत नाही. या कामाला थांबायला वेळ नाही.

आमच्या मागण्या:

१. २००७ ची रेघ काढून टाका. मोजणी होईपर्यंत क्रमवारी जाहीर करू नका. करायचीच असेल तर शीर्षकातच ‘२००७ नंतरचे दहा’ असे लिहा आणि ‘इतिहासातील सर्वश्रेष्ठ’ हे शब्द काढा.

२. गुणांची संपूर्ण पद्धत, प्रत्येक खेळाडूचे रकानेवार गुण आणि समितीतल्या सदस्यांची नावे यादीसोबतच प्रसिद्ध करा. एखाद्या सदस्याचा एखाद्या क्लबाशी पगाराचा संबंध असेल तर त्याने त्या क्लबाच्या यादीत गुण देऊ नयेत.

३. प्रत्येक यादीत किमान एक गोलरक्षक आणि दोन बचावपटू असावेत. ही दया म्हणून मागत नाही. वर दिलेल्या पद्धतीने मोजले तर ते आपोआप येतात. येत नसतील तर मोजणीत चूक आहे असे समजून ती पुन्हा करा.

४. ‘मानाचा उल्लेख’ हा वर्ग रद्द करा. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारख्या माणसाला पुराव्याअभावी तळटीप देण्यापेक्षा पुरावा शोधा.

५. क्लबांनी जुन्या टीमशीट (सामन्याला उतरलेल्या संघाच्या याद्या), करारपत्रांच्या फाइली, मानधनाची रजिस्टरे आणि फोटो पाहण्यासाठी खुले करावेत. खासगी रकमा झाकून बाकीचे दाखवता येते. मानधनाच्या रजिस्टरमध्ये बदली खेळाडूंचीही नावे असतात, वर्तमानपत्रात ती बरेचदा नसतात.

६. मोजणीची फाइल तयार झाली की ती सर्वांना मोफत मिळावी, आणि चूक दाखवण्यासाठी तीन महिन्यांची मुदत ठेवावी. ज्याने चूक दाखवली त्याने वर्तमानपत्राची तारीख आणि पान सांगावे, एवढीच अट.

७. मागच्या रांगेतल्या नावांचे काम या पावसाळ्यातच सुरू करा.

पहिल्या टप्प्यासाठी साळगावकरचा १९९८-९९ चा आणि धेंपोचा २००४-०५ चा, असे दोन हंगाम घ्या. प्रत्येक हंगामाला दोन मोजणारे आणि एक तपासणारा, म्हणजे सहा माणसे लागतील. दोन्ही हंगामांसाठी माणसे आमच्याकडून येतील. ग्रंथालयात बसण्याची परवानगी आणि क्लबांची कपाटे उघडण्याचे पत्र आपल्याकडून हवे आहे.

आपले,
गोव्यातील फुटबॉल सामन्यांच्या नोंदी ठेवणारे काही प्रेक्षक
मडगाव, वास्को, म्हापसा